कडेचे सात ठिपके

४ फेब्रुवारी, बुधवार

ठमे,

अक्षर ओळखलंस ना? मग लगेच फाडू नकोस. आधी वाच, नंतर हवं तर फाड. आठ वर्षांनी लिहितेय आणि तेही स्वतःच्या कामासाठी, हे मला ठाऊक आहे, त्यासाठी तुला नाक मुरडायची गरज नाही. माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, म्हणून टपाल. पोस्टातला माणूस माझ्या पाकिटाकडे असा बघत राहिला की मलाच अपराध्यासारखं झालं.

काल माझा परवाना बंद झाला.

सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी. एका बाईंना खुर्चीत बसवलं होतं, 'हे भिंग बरं की हे बरं' चाललं होतं, आणि फोन वाजला. परिषदेचा मेसेज. 'आपली नेत्रतपासनीस म्हणून असलेली नोंदणी स्थगित करण्यात आली आहे. या क्षणापासून तपासणी केल्यास कारवाई होईल.' मी तो दोनदा वाचला, तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचला. दुकानाच्या दारावर हल्ली परिषदेचा एक छोटा पडदा लावावा लागतो, परवाना चालू असला की हिरवा. तो तोवर लाल झाला होता, आणि माझ्याआधी त्या बाईंनी पाहिला. त्या उठल्या, पर्स उचलली आणि चाचणीची ती लोखंडी चौकट डोळ्यांवर तशीच घेऊन बाहेर पडल्या. अर्ध्या रस्त्यापर्यंत मागे धावले मी. चौकट परत देताना त्या माझ्या हातांकडे बघत होत्या, जणू मी काहीतरी चोरलंय.

मग दुकानात परत आले. स्टुलावर बसून राहिले, पाणी प्यायलाही उठवेना. एकतीस वर्षं, ठमे. एक तक्रार नाही. आणि आदेशाच्या खाली काय, तर 'हा आदेश संगणकाने काढलेला असून त्यावर सहीची आवश्यकता नाही.'

कारण सांगते. चार वर्षं झाली, मी दुकानाबरोबर एका अ‍ॅपचंही काम करते. लोक घरी बसून फोनवर डोळे तपासतात, यंत्र अहवाल बनवतं, आणि कायद्याने तो कुणातरी परवानाधारकाने पाहून मान्य करावा लागतो. ती मी. आता कुठल्याशा रुग्णालयात एका बाईला काचबिंदू निघाला. काचबिंदू कसा चोरपावलांनी येतो ते तुला काय सांगायचं. समोरची अक्षरं शेवटपर्यंत वाचता येतात, कडेची नजर तेवढी गुपचूप जाते. तिचे अहवाल माझ्या नावाने 'सर्व ठीक' असे गेले होते. रुग्णालयाच्या संगणकाने परिषदेच्या संगणकाला कळवलं आणि परिषदेच्या संगणकाने मला कुलूप लावलं. मधे माणूस कुठेच नाही. मी फोन केला तर तिथेही यंत्रच बोललं, आणि मला म्हणालं की तुमची काळजी आम्ही समजू शकतो.

चूक यंत्राची आहे, माझी नाही. पण ते सिद्ध करायला पंचवीस तारखेला सुनावणी आहे. आणि नियम असा की ज्याने माझ्याबरोबर किमान पाच वर्षं काम केलंय अशा एकाचा दाखला लागतो, मी कसं काम करते त्याचा. बाबा तर गेले. उरलीस तू.

एक पानभर लिहून दे. खरं तेवढंच लिही. एवढंच मागते.

ताई

११ फेब्रुवारी, बुधवार

ठमे,

उत्तर नाही. असू दे. नाकावर राग तुझ्या लहानपणापासून आहे, मी त्यात नवीन काय सांगणार.

परिषदेने कागद पाठवले. बावीस पानं. ती वाचून मी परवापासून धड जेवलेली नाही. मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट सांगितली नव्हती, ती आता सांगून टाकते, कारण ती त्यांना माझ्याआधी कळलेली आहे.

अ‍ॅपमध्ये रोज शंभर-दीडशे अहवाल येतात. सुरुवातीला मी एकेक उघडून बघत असे, अगदी बाबा बघायचे तसं. चष्म्याचे नंबर, डोळ्याचा फोटो, आणि कडेच्या नजरेची चाचणी, पडद्याच्या कडांना ठिपके चमकतात आणि दिसला की बोटाने टिचकी मारायची. काही चुकलं तर अहवालावर पिवळी पट्टी येते, 'तपासनिसाने स्वतः पाहावे.' पहिल्या वर्षी मी प्रत्येक पिवळ्या पट्टीला फोन लावून घेतला. दरवेळी तेच. कुणी फोन वाकडा धरलेला, कुणी बशीतून चहा पीत चाचणी दिलेली. शेवटी मी ठरवून टाकलं, पिवळी पट्टी म्हणजे वाकडा फोन. आणि खाली एक बटण आहे, 'सगळे मान्य.'

ते मी दाबत आले. तीन वर्षं.

कागदात प्रत्येक अहवालापुढे वेळ लिहिली आहे. किती वाजता उघडला, किती वाजता मान्य केला, मधे किती वेळ. मला माहीतच नव्हतं की कुणी हे मोजतंय. एका दिवशी एकशे चाळीस अहवाल, चार मिनिटं चाळीस सेकंद. ज्या बाईचा डोळा गेला तिच्यापुढे लिहिलंय, दोन सेकंद. दुसऱ्या वर्षी, दोन सेकंद. तिसऱ्या वर्षी पण दोनच. दोन सेकंदांत मला चष्म्यावर फुंकरसुद्धा मारता येत नाही.

आता तू म्हणशील, बरी जिरली. आठ वर्षांपूर्वी भर दुकानात मी सहा गिऱ्हाइकांसमोर म्हणाले होते, 'हिला परवाना नाही, हिच्याकडून डोळे तपासून घेऊ नका.' नवीन नियम आला होता, परिषदेचे निरीक्षक दुकानोदुकानी फिरत होते, मी घाबरले होते. म्हणाले ते खोटं नव्हतं. तू ती लेखी परीक्षा दोनदा सोडून आली होतीस, त्याला मी काय करू? पण जरा मोठ्याने म्हणाले. तू हातातली बॅटरी काउंटरवर ठेवलीस, चप्पल घातलीस आणि गेलीस. एकोणीस वर्षांचं काम असं एका वाक्यात संपवायचं नसतं, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. कळून गप्प बसले. तो माझा स्वभाव.

दाखला पाठव गं. परवाना गेला तर मी कोण? नुसत्या फ्रेमा विकणारी बाई.

ताई

१९ फेब्रुवारी, गुरुवार

ठमे, माझे बाई,

तुझं पाकीट आलं. मी ते काउंटरवर ठेवून आधी दोन्ही हात धुतले, का ते विचारू नकोस. मग उघडलं आणि उभ्याउभ्या रडले. दुकान बंदच आहे, त्यामुळे बघायला कुणी नव्हतं.

'माझ्या बहिणीला माणूस समोर बसवून, गुडघ्याला गुडघा लावून, कडेने बोट आणून नजर पाहिल्याशिवाय सही करताना एकोणीस वर्षांत मी एकदाही पाहिलेलं नाही.' असं वाक्य मला स्वतःला सुचलं नसतं. बाबांनी शिकवलेली ती बोटाची चाचणी तू विसरली नाहीस. खरं सांगायचं तर तुझं बोट माझ्यापेक्षा चांगलं चालायचं. शाळेतल्या त्या शिपाईमामांची कडेची नजर कमी आहे हे तूच पकडलं होतंस, मी तर त्यांना वाचायचा चष्मा देऊन मोकळी होत होते.

बाकी तुझ्या कागदाच्या उधळपट्टीची सवय काही गेलेली नाही. अर्धं पान सोडून मधूनच ओळी सुरू केल्यास. डावीकडे एवढी जागा कुणासाठी ठेवलीस, परिषदेच्या शिक्क्यांसाठी? आणि पाकिटावरचा पत्ता तुझ्या लेकीच्या हातचा दिसतो. पोरगी मोठी झाली. तिचं अक्षर बाबांच्या वळणाचं आहे, तिला सांग.

आता थोडी हिंमत आली आहे. सुनावणीत काय बोलायचं ते मी लिहून काढलंय. त्या बाईचे तिन्ही अहवाल नीट पाहिले, आता पाहिले. नाव दिसत नाही, अ‍ॅपवाले फक्त क्रमांक आणि वय देतात. यंदा बावन्न. पहिल्या वर्षी डावीकडचे सात ठिपके चुकलेत, दुसऱ्या वर्षी अकरा, तिसऱ्या वर्षी एकोणीस. पिवळी पट्टी तिन्हींवर. रुग्णालय म्हणतं, डावा डोळा गेला, तो परत येणार नाही. उजवा निम्मा शाबूत आहे, औषध नेमाने चाललं तर टिकेल.

मी असं म्हणणार आहे की, पहिल्या वर्षीचे सात ठिपके कुणाचेही चुकू शकतात. आणि त्या बाईलाही काही कळायला नको का? दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, डाव्या हाताचं भांडं कलंडतं, तरी तीन वर्षं फोनवर टिचक्या मारत बसायचं, एकदा कुणाकडे जाऊन दाखवायचं नाही? बिचारी. वाईट वाटतं मला तिचं, खरंच वाटतं. पण निम्मी चूक तिची आहे.

सुनावणी झाली की कळवते. तुझ्या दाखल्यामुळे पार पडेल असं वाटतंय. आणि त्यानंतर मी एकदा येऊ का? नको असेल तर तसं कळव.

तुझी ताई

२५ फेब्रुवारी, बुधवार

ठमे,

मी परिषदेच्या इमारतीच्या खाली बाकावर बसून लिहितेय. घरी जायला उठले होते, पण हे लिहिल्याशिवाय जाववेना, म्हणून परत बसले. अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घे. नाही, तू कशी सांभाळशील. पोरी, हे तूच वाचत असशील. आईला सगळं वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस.

खोलीत तिघं होते. मधे एक वयस्कर डॉक्टरबाई, एका बाजूला वकील, दुसऱ्या बाजूला संगणकावर कारकून. भिंतीवर मोठा पडदा. मी माझं लिहून आणलेलं वाचलं, अगदी ठणकावून वाचलं. सात ठिपके वाचले. 'निम्मी चूक रुग्णाची' हेही वाचलं. मग कारकुनाने तुझा दाखला यंत्रात घातला, तपासायला. साक्षीदार खरा आहे का, हे ते ओळखक्रमांकावरून बघतात.

पडद्यावर लाल चौकट आली. 'हितसंबंधांचा प्रश्न. साक्षीदार व रुग्ण एकच व्यक्ती.'

मी हसले, ठमे. तुला खोटं कशाला सांगू, मोठ्याने हसले. म्हटलं, बघा, तुमचं यंत्र पुन्हा बिघडलं, एकाचं दुसऱ्याला लावतंय. कुणीच हसलं नाही. डॉक्टरबाईंनी कारकुनाला सांगितलं, रुग्णाचं नाव उघडा. पडद्यावर तुझं नाव आलं. माहेरचं मधे, सासरचं शेवटी. जन्मतारीख. मी ती तारीख वाचत राहिले, त्या दिवशी मी सहा वर्षांची होते आणि बाबांनी मला उचलून पाळणा दाखवला होता.

त्यानंतर काय झालं ते मला तुकड्यातुकड्याने आठवतंय. कुणीतरी पाणी आणलं. मी म्हणत होते, ती माझ्याकडे कशी येईल, ती माझ्याशी बोलतसुद्धा नाही. कारकुनाने अ‍ॅपची नोंद उघडून दाखवली. चाचणीच्या शेवटी यादी येते, फोटो आणि परवाना क्रमांक, कोणत्या तपासनिसाने अहवाल पाहावा ते निवडा. बहुतेक लोक काही निवडत नाहीत, यंत्रच कुणाला तरी देतं. तू निवडलं होतंस. तिन्ही वर्षं, बेचाळीस नावांतून, मला.

बाहेर आले आणि तुझ्या लेकीला फोन लावला. पाकिटामागे तिने नंबर लिहिला होता. मला वाटलं ती शिव्या देईल. ती अगदी शांत होती, त्याने जास्त लागलं. म्हणाली, 'मावशी, मी आईला दोन वर्षं सांगत होते, एकदा मोठ्या डॉक्टरकडे जाऊ. ती म्हणायची, ताईने पाहिलंय ना, मग पाहिलंय.'

मी विचारलं, माझं पहिलं पत्र आलं तेव्हा आईला माहीत होतं का? म्हणाली, 'हो, रुग्णालयात सांगितलं होतं की परिषदेला कळवावं लागतं. तुझं पत्र मी वाचून दाखवलं, तर आईने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, कागद आण. मी म्हटलं, मी लिहिते, तू सांग. तर नको म्हणाली, ताईला माझं अक्षर लागेल.'

म्हणजे माझी सगळी पत्रं तू ऐकलीस. 'बिचारी' ऐकलंस. चौकटीला खांदा आपटतो तरी कळत नाही, ते ऐकलंस. कागदाच्या उधळपट्टीवरून मी तुझी थट्टा केली तीही ऐकलीस. एकतीस वर्षं मी लोकांचे डोळे बघते, आणि माझ्या बहिणीने पानाच्या मधून ओळी सुरू केल्या तर मला थट्टा सुचली. माझ्या हातात तो कागद होता, ठमे. त्याला पिवळी पट्टी नव्हती, एवढंच.

डॉक्टरबाईंनी तुझा दाखला मोठ्याने वाचला. एकोणीस वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही. ते वाक्य आलं तेव्हा मी तोंडावर हात धरला. मग त्या म्हणाल्या, रुग्णाची तक्रार नाही, उलट चांगला दाखला आहे, पूर्वीचा एकही डाग नाही, तेव्हा नियमाप्रमाणे समज द्यायची आणि तीन तासांचा ऑनलाइन अभ्यासक्रम. तीस प्रश्न, बरोबर उत्तरावर टिचकी मारायची. मी म्हटलं, एवढंच? वकील म्हणाले, नियम एवढाच आहे.

मी त्यांना सांगितलं की दाखल्यातलं सगळं खरं आहे, पण ते आठ वर्षांपूर्वीपर्यंतचं आहे, त्याच्या पुढचं नाही, आणि हे तसंच नोंदवून घ्या. कारकून म्हणाला, असा रकाना नाही. डॉक्टरबाईंनी पेन काढून समासात हाताने लिहिलं. तेवढं एक काम आज माणसाने केलं.

मला तुझी माफी मागायची आहे आणि कशी मागायची ते येत नाही. भर दुकानातल्या त्या वाक्याची मागते. दोन सेकंदांची मागते. निम्मी चूक तुझी म्हणाले, त्याची मागते. तुझी चूक एकच, तू माझ्यावर विश्वास ठेवलास.

ताई

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ठमे,

अभ्यासक्रम काल केला. तीसपैकी तीस. 'प्रत्येक अहवाल परवानाधारकाने स्वतः पाहणे आवश्यक आहे, होय की नाही.' मी होय म्हटलं आणि यंत्राने माझं अभिनंदन केलं. दुपारी बारा वाजता दारावरचा पडदा आपोआप हिरवा झाला. मी समोर उभी होते. इतकं वाईट मला तो लाल झाला तेव्हाही वाटलं नव्हतं.

अ‍ॅप उघडलं तर दोनशे बारा अहवाल वाट बघत होते. त्यातल्या एकोणतीस जणांना पिवळी पट्टी होती. त्या एकोणतीस जणांना मी एकेक करून निरोप पाठवला, जवळच्या माणसाकडे जा, समोर बसून तपासून घ्या, आजच जा. बाकीचे मान्य न करता परत केले. तासाभरात अ‍ॅपवाल्यांचं पत्र आलं की माझा वेग त्यांच्या कामाला पुरेसा नाही, तेव्हा आभारी आहोत. बरं झालं, मलाच लिहायचं होतं.

आधीच्या तीन वर्षांतल्या पिवळ्या पट्ट्यांची यादी मी परिषदेकडे मागितली आहे. मला ती काढून देत नव्हते, म्हणून मी त्या डॉक्टरबाईंच्या दाराशी जाऊन बसले. पंधरा हजारांच्या वर निघाले. त्यांना कळवायचं काम परिषद करणार, आणि मी रोज जाऊन विचारणार, केलंत का. परवाना टाकून देणार होते. पण तो टाकून दिला की मी मोकळी झाले, आणि मला एवढ्यात मोकळं व्हायचं नाहीये.

आता तुझं. काल पोरीशी पुन्हा बोलले. ती म्हणाली, उजव्या डोळ्यात दिवसातून तीनदा थेंब घालायचे आहेत, ठरल्या वेळी. सकाळचा ती घालून जाते, संध्याकाळचा आल्यावर घालते. दुपारचा तू स्वतः घालायला जातेस आणि तो गालावर पडतो. पडला की तू दुसरा घालत नाहीस आणि तिलाही सांगत नाहीस. गालावर सुकलेला ओघळ दिसतो तेव्हा तिला कळतं.

निम्मा डोळा उरलाय, ठमे. दुपारचा थेंब चुकवून चालणार नाही.

मी सोमवारपासून येते, रोज एक वाजता. दुकान दोन तास बंद ठेवीन. तुला मला माफ करायचं नसेल तर करू नकोस, मी ते मागायला येत नाहीये. चहा ठेवू नकोस. बोलायचंही नसेल तर नको बोलूस. थेंब घालताना बोलावं लागत नाही, मान मागे टाकून नुसतं वर बघायचं असतं.

ताई